हाताची खूण की हाताची चूक?

गेल्या वर्षी मी एका जपानी सुरीवर बजेटबाहेरचे पैसे खर्च केले. हाताने घडवलेली, ‘ग्युतो’ प्रकारातली, २१० मिलिमीटर पात्याची. खोकं उघडलं आणि पहिला कांदा कापून होईपर्यंत, सवयीने, बगांची यादी तयार झाली. एक: पात्यावरचा काळा थर कुठे गडद, कुठे फिका. दोन: हातोडीच्या खुणा विषम. तीन: लोखंड आणि पोलाद जुळतात ती रेघ वरखाली. चार: पात्याच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही. पाच: मुठीजवळच्या भागाने कांदा कापला की चकत्या सुट्या होत नाहीत, तोरणासारख्या एकमेकींना धरून राहतात.

यादी विक्रेत्याला पाठवली. एका ओळीत उत्तर आलं: हाताने केलेल्या वस्तूत असं असायचंच.

हे खरं की पळवाट? शोधायला बसलो आणि वाचता वाचता साकाईला पोचलो.

साकाई हे ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेलं जुनं बंदर. १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून जपानमध्ये बंदुका आल्या, पुढे तंबाखूही आली. साकाईच्या लोहारांनी दोन्हींत हात घातला: बंदुका घडवल्या, आणि तंबाखूची पानं चिरायच्या सुऱ्याही. जपानी चिलमीची, म्हणजे किसेरूची, वाटी इवलीशी असते. तिच्यात भरायची तंबाखू केसासारखी बारीक चिरावी लागे. साकाईच्या सुऱ्या या कामात इतक्या नावाजल्या की एडो काळात शोगुनच्या राजवटीने त्यांना ‘साकाई किवामे’ हा दर्जाचा शिक्का दिला.

आजच्या जाहिराती मात्र समुराईंच्या तलवारींपासून सुरू होतात. त्यातही तथ्य आहे. १८७६ साली मेइजी सरकारने सर्वसामान्य सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली आणि अनेक तलवारकार सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. त्याच काळात गोमांस खाणं वाढलं आणि पाश्चात्त्य सुरीच्या धर्तीवर ग्युतो रुळली. नावातला ‘ग्यु’ म्हणजे गाय-बैल. पण साकाईचं नाव त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, आणि ते तंबाखूमुळे. मला हा फरक मोठा वाटतो. तलवार वर्षानुवर्षं म्यानात राहू शकते. तंबाखूच्या सुरीची परीक्षा रोज, प्रत्येक पानावर.

साकाईची दुसरी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. पातं घडवणारा वेगळा, त्याला घासून धार देणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. घासणाऱ्याच्या हातात पातं येतं ते काळं, ओबडधोबड. फिरत्या चाकावर ते धरताना त्याला बाक सापडतो. तो हातोडीने सरळ करतो, पुन्हा घासतो. एकाचं काम दुसऱ्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. आमच्या ऑफिसात याला कोड रिव्ह्यू म्हणतात.

हे कळल्यावर मी माझी यादी पुन्हा वाचली. काळा थर म्हणजे ‘कुरोउची’, भट्टीत धरलेलं ऑक्साइड. तो घासून काढला नाही, कारण कापायला त्याची अडचण नाही. ठोक्यांच्या खुणांचंही तेच. जुळणीची रेघ वरखाली असणारच, कारण मऊ लोखंड आणि कडक पोलाद तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. धारेपाशी पोलाद सलग असलं की झालं. दोन बाजूंचा वेगळा उतार तर बऱ्याचदा उजव्या हातासाठी मुद्दाम दिलेला असतो. मासे कापायची ‘यानागिबा’ एकाच बाजूने उतरती असते.

राहिला कांदा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, फिटिंग शॉपमध्ये, लोखंडी पट्टीला कानस मारल्यावर सर तिला गुण्या लावून उजेडासमोर धरायला सांगायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. मी सुरीची धार मुठीजवळच्या सपाट भागावर पोळपाटाला टेकवली, मागे मोबाइलचा टॉर्च लावला. बारीकशी फट, लख्ख. मग धारेच्या कडेला मार्करची शाई लावून धारेच्या दगडावर चार हात फिरवले. सगळीकडची शाई गेली, तेवढ्या जागेची राहिली. घासताना तिथे चाकावर दाब जरा जास्त पडला होता. तेवढी धार पाटाला टेकतच नव्हती. म्हणून कांद्याचं तोरण.

‘हाताचं काम म्हणजे थोडं वाकडंतिकडं’ असं म्हणणारे बरेचदा यानागी सोएत्सूचा आधार घेतात. त्याने १९२०च्या दशकात ‘मिंगेई’, म्हणजे लोककलेची, चळवळ सुरू केली आणि १९३६ साली टोकियोत तिचं संग्रहालय उघडलं. अनामिक कारागिरांच्या साध्या, अगदी वेड्यावाकड्या वस्तूंतही त्याला सौंदर्य दिसे, हे खरं. पण त्या वस्तू वापरायच्या होत्या, आणि त्याच्या लेखी सौंदर्य त्या वापरातूनच येत होतं. गळणाऱ्या वाडग्याची बाजू त्याने घेतलेली नाही.

कारागिराचा हात जिथे मोकळा सुटला तिथे खूण राहते. जिथे वस्तूचं काम अडतं, तिथे ती चूकच असते. आणि चुकीला ‘हस्तकला’ म्हणून पांघरूण घालणं हा साकाईच्या त्या घासणाऱ्याचाच अपमान आहे, जो पातं पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर धरून बाक शोधतो.

मी विक्रेत्याला दुसरं पत्र लिहिलं. पाचपैकी चार तक्रारी मागे घेतल्या, सॉरीही म्हटलं. पाचवीसोबत टॉर्चचा फोटो जोडला.

या वेळी उत्तर यायला चार दिवस लागले. सुरी बदलून मिळाली. नव्या सुरीचा काळा थर आधीच्यापेक्षाही फिका आहे. कांदा मात्र सुटा पडतो.