शेवटी लटकलेला शब्द

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका मराठी कथेचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात चुलीपुढे बसलेली आजी नातीला विचारते, ‘कुणाशी बोलतेस गं?’ मी लिहिलं, ‘हू आर यू टॉकिंग टू?’ संपादकांनी ‘टू’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेलं, ‘हू’चं ‘हूम’ केलं आणि आजी कोर्टात उलटतपासणी घेतल्यासारखी बोलू लागली. मी मुकाट्याने मान्य केलं. शाळेत मीही तेच शिकले होते: शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपवू नये.

हा नियम आला कुठून, याचा माग जॉन ड्रायडनपाशी जातो. 1672मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ नाटकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘फ्रॉम’ शेवटी आलंय. जॉन्सन जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. हा दोष आपल्याही लेखनात आहे, अशी कबुली ड्रायडनने तिथेच दिली आणि नाट्यकाव्यावरच्या आपल्या 1668च्या निबंधाची 1684मध्ये सुधारित आवृत्ती काढताना अशी अव्ययं वेचून मागे सरकवली.

कारण काही दिलं नाही. पण 1679मध्ये त्याने लिहून ठेवलंय, की इंग्रजीबद्दल शंका आली की तो वाक्य लॅटिनमध्ये घालून पाहतो. इथे मी थबकले. लॅटिनमध्ये असा शब्द आपल्या नामाला सोडून वाक्याच्या टोकाला जात नाही. मराठीतही नाही. ‘ज्या खोलीत मी राहते’ यातला ‘त’ सुटा काढून शेवटी टांगून पाहा! म्हणजे भाषांतर करून इंग्रजी तपासणारा ड्रायडन आणि वर्गात बसलेली मी, दोघांचा कान एकाच जागी अडला होता. इंग्रजी मात्र फार जुन्या काळापासून हा शब्द खुशाल टांगत आली आहे.

1762च्या व्याकरणात रॉबर्ट लोथनेही बंदी घातली नव्हती. बोलण्यात हे रूढ आहे, गंभीर लेखनात आधी ठेवलेलं अधिक शोभतं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि हे सांगताना वाक्याचा पहिला तुकडा त्याने ‘टू’वरच संपवला. मुद्दाम की सवयीने, कोण जाणे. पुढे सल्ल्याचा कायदा झाला. 1926मध्ये फाउलरने त्याला अंधश्रद्धेत काढलं, तरी तो आमच्या वर्गापर्यंत पोचलाच.

त्या कथेची नवी आवृत्ती यंदा निघते आहे. मुद्रितं तपासताना आजीचं ‘टू’ मी परत शेवटी ठेवलं आहे, आणि शेजारी समासात लिहिलं आहे: हलवू नये.