औषध होतं, डिझेल नव्हतं

पंपावर, ढाब्यावर निळ्या बादल्या रचून ठेवलेल्या दिसतात ना? ड्रायव्हर मंडळी त्याला 'युरिया' म्हणतात. कंपन्यांनी खर्च वाढवायला काढलेलं हे नवं खूळ आहे, असं बरेच जण म्हणतात. खूळ नवं अजिबात नाही. अमोनिया वापरून धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन करायचा, याचं पेटंट अमेरिकेत १९५७ सालचं आहे. १९७०च्या दशकात जपानने ते वीजकेंद्रांच्या चिमण्यांना लावलं. ट्रकवर यायला मात्र २००४-०५ उजाडलं.

पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर डिझेलला चालत नाही. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन उरतो, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड तिथे फुटत नाही. म्हणून हा युरिया. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर पुढचं काम होतं. काजळीसाठी वेगळा फिल्टर, त्याच्या आधी प्लॅटिनमचा उत्प्रेरक.

या सगळ्याचा वैरी म्हणजे गंधक. तो प्लॅटिनमवर बसला की उत्प्रेरक मेलाच समजा. आणि आपल्याकडे २००० साली डिझेलमध्ये दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालायचं! पुढे ५००, मग ३५०. २०१० मध्ये ५० भागांचं डिझेल आलं, पण ते फक्त मोजक्या शहरांत. त्यात मुंबई, पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. पण ट्रक काय सोलापुरातच फिरतो का? पुढच्या जिल्ह्यात टाकी भरली की पुन्हा ३५०. त्यामुळे ट्रकला जुनेच नियम राहिले. देशभर ५० व्हायला २०१७ उजाडलं.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारने बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर उडी मारायचं ठरवलं. रिफायनऱ्यांनी हजारो कोटी ओतले आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० भागांचं डिझेल आलं. लॉकडाऊनच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता इंधन आहे, यंत्र आहे. पण युरियाचे पैसे वाचवायला बाजारात एक छोटी डबी मिळते. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगते, 'युरिया चालू आहे.' टाकी कोरडी असते. आणि आपलं पीयूसी? डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतं. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. डबी लावलेला ट्रकही तिथून पास होऊन बाहेर पडतो.