घासणीचं गाणं सातासमुद्रापार

आज आपण जपानमधल्या ओसाका शहराची गोष्ट ऐकणार आहोत. तिथल्या तीन बायकांनी १९९२ साली गाण्यांचा एक अल्बम काढला. परदेशातल्या लोकांनी ऐकावा, म्हणून मुद्दाम काढलेला. अल्बमचं नाव ‘लेट्स नाइफ’ आणि बँडचं नाव ‘शोनेन नाइफ’. त्या अल्बमात एक गाणं चक्क भांडी घासायच्या घासणीवर आहे.

रॉक बँड म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोन-चार जण मिळून गिटार आणि ड्रम मोठ्या आवाजात वाजवतात आणि त्यांच्यातलंच कुणीतरी गातं. आपल्या भजनी मंडळात जशी टाळ, पेटी, पखवाजाची जोडी जमते, तशी यांची जमते. फरक आवाजाचा. आणि त्या काळी जपानात काय, अमेरिकेत काय, रॉक वाजवणं हे बहुतेक पुरुषांचंच काम समजलं जायचं.

जपानी गाणं परदेशात नेण्याचे प्रयत्न या तिघींच्या आधीही झाले होते. १९६३ साली क्यू साकामोतो या गायकाचं एक जपानी गाणं अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मूळ नावाचा अर्थ होता ‘वर बघत चालू या’. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं ते गाणं. पण ते नाव परदेशी लोकांना उच्चारता येणार नाही, म्हणून तिकडच्या कंपन्यांनी त्याला ‘सुकियाकी’ हे नाव दिलं. सुकियाकी हा मांस आणि भाज्या घालून केलेला एक जपानी पदार्थ. गाण्याचा आणि त्या पदार्थाचा काडीचाही संबंध नाही. रडणाऱ्या माणसाच्या गाण्याला कालवणाचं नाव मिळालं, आणि जगभर तेच चाललं.

पुढे ‘पिंक लेडी’ नावाची दोन मुलींची जोडी आली. जपानात त्या खूप गाजल्या होत्या. १९७९ साली त्यांचा इंग्रजी अल्बम अमेरिकेत निघाला. १९८० साली तिथल्या टीव्हीवर त्यांचा कार्यक्रमही सुरू झाला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शब्दांचा उच्चार पाठ करून त्या बोलायच्या. तो कार्यक्रम थोड्याच भागांनंतर बंद पडला.

आता ओसाकाकडे येऊ. १९८१ साली या एकाच शहरात दोन बँड सुरू झाले.

पहिला ‘लाउडनेस’, चार पुरुषांचा. वाजवण्यात फार तयारीचे. १९८५ साली त्यांनी ‘थंडर इन द ईस्ट’ हा अल्बम अमेरिकेत जाऊन, तिथल्या बाजारासाठी, इंग्रजीत केला. तो तिकडच्या खपाच्या यादीत ७४ व्या नंबरावर पोचला. जपानी रॉक बँडसाठी ही मोठीच गोष्ट होती. पण अमेरिकेत आणखी वर जायचं होतं. १९८८ साली त्यांनी आपला मूळ गायक मिनोरू निइहारा याला काढलं आणि त्याच्या जागी एक अमेरिकन गायक घेतला. त्याच्याबरोबर दोन अल्बम केले, पण मनासारखं यश काही आलं नाही. तो गायकही गेला. बँडला वीस वर्षं होता होता निइहारालाच परत बोलावलं.

दुसरा बँड आपल्या तिघींचा. गिटार वाजवून गाणारी नाओको यामानो, ड्रम वाजवणारी तिची बहीण आत्सुको, आणि बास गिटारवाली मैत्रीण मिचिए नाकातानी. ‘शोनेन’ म्हणजे मुलगा. ‘शोनेन नाइफ’ हे एका खिशातल्या छोट्या चाकूवरचं नाव होतं. ते त्यांना आवडलं आणि मुलींनी आपल्या बँडला मुलांच्या चाकूचं नाव दिलं.

त्या काळात जपानच्या ऑफिसांत बायकांना काय काम मिळायचं? चहा द्यायचा, कागद लावायचे, प्रती काढायच्या, आणि लग्न ठरलं की नोकरी सोडायची, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी द्यावी, असा कायदा तिथे १९८५ साली झाला आणि १९८६ पासून लागू झाला. आपल्या तिघीही पोटापाण्यासाठी नोकऱ्या करत आणि सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन वाजवत. स्टेजवर घालायचे कपडे आत्सुको स्वतः बेतून शिवायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

गाणी कशावर? तर रोजच्या गोष्टींवर. खाऊवर, प्राण्यांवर, सायकल चालवण्यावर, कारखान्यातल्या एका दिवसावर, बार्बी बाहुलीवर. आणि त्या घासणीवर. जपानात ‘कामेनोको तावाशी’ नावाची घासणी १९०७ सालापासून मिळते. काथ्यासारख्या राठ धाग्यांची, कासवाच्या आकाराची. कामेनोको म्हणजे कासवाचं पिल्लू. आपण नारळाच्या शेंडीनं भांडी घासतो, त्याच जातीची वस्तू. तिच्यावर कुणी गाणं करील, असं कुणाच्या ध्यानीमनी आलं नसेल. यांनी १९८३ सालच्या ‘बर्निंग फार्म’ या अल्बमात ते केलं.

हा छोटा अल्बम हातोहाती समुद्रापार गेला. अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावच्या ‘के रेकॉर्ड्स’ या लहानशा कंपनीनं १९८५ साली त्याची कॅसेट तिकडे काढली. ऐकणाऱ्यांना जपानी कळत नव्हतं, पण चाल आणि उत्साह कळत होता. १९८९ साली तिकडच्या कितीतरी बँडनी मिळून शोनेन नाइफची गाणी स्वतः वाजवून एक अख्खा अल्बम काढला. म्हणजे या तिघी ओसाकात नोकरी करत होत्या आणि अमेरिकेत लोक त्यांची गाणी शिकून वाजवत होते. १९९१ च्या शेवटी ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडनं इंग्लंडच्या दौऱ्यात आपल्या आधी वाजवायला त्यांना बोलावलं. निर्वाणा तेव्हा जगभर गाजू लागला होता आणि त्याचा गायक कर्ट कोबेन या तिघींचा चाहता होता.

त्यानंतर मोठ्या कंपन्या दारात आल्या, आणि १९९२ साली ‘लेट्स नाइफ’ तयार झाला. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही तो निघाला.

या तिघींनी काय बदललं आणि काय ठेवलं, ते आता नीट पाहू. बहुतेक गाणी जुनीच घेतली. ती चांगल्या स्टुडिओत नव्यानं वाजवली आणि बऱ्याच गाण्यांचे शब्द इंग्रजीत केले. परक्या माणसाला अर्थ कळावा एवढी सोय केली. पण विषय बदलले नाहीत. परदेशात प्रेमाची गाणी खपतात म्हणून घासणी काढून टाकली नाही. सायकल राहिली, बार्बी राहिली. एका गाण्याच्या नावात तर ‘बाका’ हा जपानी शब्द तसाच ठेवला. बाका म्हणजे मूर्ख. गायिका तीच राहिली आणि तिचा जपानी वळणाचा इंग्रजी उच्चारही तोच राहिला.

याची किंमत त्यांनी मोजली. तिकडच्या काही लोकांनी त्यांना बाहुल्यांसारखं गोड-गोड म्हणून बाजूला ठेवलं, उच्चारांची गंमत केली. हे कौतुक आहे की थट्टा, यावर तेव्हा लिहूनही आलं. खपाच्या बाबतीत हा अल्बम लाउडनेसच्या ७४ व्या नंबराजवळही गेला नाही. मोठ्या परदेशी कंपनीची साथही काही वर्षांतच संपली. १९९९ साली मिचिए बँडमधून बाहेर पडली. पुढे आत्सुकोही काही वर्षं दूर होती.

पण बँड बंद पडला नाही. नाओकोनं नव्या मुली बरोबर घेतल्या, लहान-लहान ठिकाणी वाजवत राहिली, देशोदेशी फिरत राहिली. २०२३ सालीही शोनेन नाइफचा नवा अल्बम आला. चाळीस वर्षांच्या वर झाली.

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हा गटातल्या बायकांना आपलाच एक वाद आठवला. आमची शेंगदाण्याची चटणी शहरात विकायला एक व्यापारी तयार झाला. म्हणाला, इंग्रजी लेबल लावा. आम्ही हो म्हणालो, गिऱ्हाइकाला वाचता तर आलं पाहिजे. मग म्हणाला, तिखट कमी करा. त्यावर दोन बैठका झाल्या आणि कमी तिखटाची वेगळी पुडी काढायचं ठरलं. शेवटी म्हणाला, गटाचं नाव काढा, आमचं नाव घाला. तिथे आम्ही थांबलो. त्यात पैसा गेला, हे खरं. त्या महिन्यात सगळ्याजणींना ते जाणवलं, आणि अजूनही काहीजणी म्हणतात की द्यायला हवं होतं.

कुठे थांबायचं, हे प्रत्येक गटानं आपलं आपण ठरवायचं असतं. लाउडनेसनं काही पाप केलं नव्हतं, त्यांनाही पोट होतं आणि मोठी आशा होती. आम्हाला एवढंच दिसतं की मागणी एकदम येत नाही. आधी लेबल, मग चव, मग नाव, अशी एकेक पायरी येते. म्हणून व्यापाऱ्याचा फोन येण्याआधीच बैठकीत तीन रकाने आखावेत. काय आनंदानं बदलू, काय भाव मिळाला तर बदलू, आणि काय कधीच बदलणार नाही. ते वहीत लिहावं आणि त्याखाली सगळ्याजणींनी सह्या कराव्यात.

तिसऱ्या रकान्यात काय जाईल, हे गटागणिक वेगळं असेल. ओसाकाच्या तिघींच्या तिसऱ्या रकान्यात भांडी घासायची घासणी होती. तुमच्या गटाच्या रकान्यात काय आलं, ते आम्हाला जरूर कळवा.