आयन विनिमय (जलशुद्धीकरण)

आयन विनिमय ही पाण्यात विरघळलेले नको असलेले आयन घन पदार्थाला जोडलेल्या समान भाराच्या आयनांशी अदलाबदल करून काढून घेण्याची प्रक्रिया आहे. पाणी मृदू करणे, क्षारविरहित पाणी मिळवणे आणि सांडपाण्यातील धातू वेगळे करणे यांसाठी ती वापरली जाते. या प्रक्रियेत आयन नष्ट होत नाहीत, त्यांची केवळ जागा बदलते.

कार्यपद्धती

पूर्वी यासाठी झिओलाइट ही खनिजे वापरत. १९३५ मध्ये ॲडम्स व होम्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रेझिनांचा हा गुणधर्म दाखवून दिला. मृदुकरणात रेझिन एका कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आयनाच्या बदल्यात दोन सोडियम आयन पाण्यात सोडते. त्यामुळे पाण्याचा कठीणपणा जातो, पण एकूण विरघळलेले क्षार फारसे घटत नाहीत. ते काढण्यासाठी पाणी हायड्रोजन व हायड्रॉक्साइड रूपांतील दोन प्रकारच्या रेझिनांमधून नेतात. क्षमता संपलेले मृदुकरण रेझिन मिठाच्या तीव्र द्रावणाने पुन्हा कार्यक्षम केले जाते. गढूळपणा, लोह व क्लोरीन यांमुळे रेझिन खराब होत असल्याने पाण्यावर आधी पूर्वप्रक्रिया करावी लागते.

उद्योगांतील उपयोग

कठीण पाण्यामुळे बाष्पकात कवच साचते, साबणाचा साका बनतो आणि कापडावर रंग असमान बसतो. त्यामुळे मुंबईत नायगाव येथील स्प्रिंग मिलसारख्या गिरण्या ज्या कापड उद्योगाचा भाग होत्या, त्या उद्योगात मृदू पाण्याला महत्त्व असते. विद्युतविलेपनाच्या सांडपाण्यातून क्रोमियम, निकेल व तांबे या प्रक्रियेने वेगळे करता येतात.

किरणोत्सारी सांडपाणी

भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भे (ट्रॉम्बे) व तारापूर येथील अल्कधर्मी किरणोत्सारी द्रव कचऱ्यातून सीझियम काढण्यासाठी रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन वापरले आहे. अशा कचऱ्यात सोडियम विपुल असल्याने सीझियमला प्राधान्य देणारे रेझिन आवश्यक असते. रेझिनवर जमा झालेले सीझियम विरल नायट्रिक आम्लाने सोडवून काचेत बंदिस्त करता येते. त्यामुळे मोठ्या आकारमानातील किरणोत्सारिता लहान आकारमानात एकवटते.

मर्यादा

पुनरुज्जीवनानंतर उरणाऱ्या द्रावणात मीठ, आम्ल किंवा अल्कली यांच्यासह काढलेले सर्व आयन एकवटलेले असतात. ते प्रक्रियेविना नाल्यात सोडल्यास प्रदूषण केवळ स्थलांतरित होते. त्यामुळे या द्रावणाची विल्हेवाट किंवा त्यातील धातूंची पुनर्प्राप्ती हा प्रकल्पाच्या आराखड्याचा आवश्यक भाग ठरतो.