किक मारण्याआधी स्कूटर तिरकी का करायची?

आमच्या धंद्यात एक फार सोयीचा शब्द आहे : वर्कअराऊंड. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी चुकतंय, दुरुस्त करायला वेळ नाही, पैसे नाहीत किंवा इच्छा नाही. मग वापरणाऱ्याला सांगायचं, "हे बटण दाबण्याआधी एकदा पान रिफ्रेश करा, म्हणजे चालतं." वापरणारा बिचारा तसं करतो. सहा महिन्यांनी त्याला त्याची सवय होते. दोन वर्षांनी तो नव्या माणसाला शिकवतो, "इथे आधी रिफ्रेश करायचं असतं हं." का, ते दोघांनाही ठाऊक नसतं. बग जाऊन त्याची प्रथा झालेली असते.

भारतात आजवर सगळ्यात जास्त लोकांनी केलेला वर्कअराऊंड कोणता, असा प्रश्न मला पडला होता. माझं उत्तर : बजाजची स्कूटर किक मारण्याआधी तिरकी करणे. आणि गंमत म्हणजे ही स्कूटर आमच्या ताथवड्यापासून फार तर अर्ध्या तासावर, आकुर्डीत बनत होती. हिंजवडीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं की या भागाचा इतिहास आयटी पार्कपासून सुरू होतो. ताथवडे महापालिकेत आलं २००९ मध्ये, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण प्रॉडक्ट, युझर, वेटिंग लिस्ट, स्पर्धा हे सगळं नाटक या पट्ट्यात आपल्या आधी एकदा होऊन गेलेलं आहे.

सुरुवात मात्र इटलीतून करावी लागेल, कारण डिझाइन तिथलं.

दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ ही कंपनी विमानं बनवत होती. युद्ध संपलं तेव्हा पॉन्तेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेला आणि विमानांना गिऱ्हाईक नाही. एन्रिको पियाजिओने ठरवलं की सामान्य माणसाला परवडेल असं साधं वाहन करायचं. काम दिलं कोराडिनो दास्कानियो नावाच्या इंजिनिअरला. हा मूळचा विमानं-हेलिकॉप्टरवाला. आणि याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे! मोटरसायकलवर टांग टाकून बसावं लागतं, चेनच्या तेलाने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे शिक्षा, अशा त्याच्या तक्रारी. त्याने एकेक तक्रार घेतली आणि एकेक उत्तर काढलं. इंजिन मागच्या चाकाला चिकटवलं, म्हणजे चेनच नको. वर पत्र्याचं झाकण, म्हणजे तेल नको. पुढे पाय ठेवायला मोकळी जागा, म्हणजे टांग नको. गिअर हँडलवर. आणि चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, म्हणजे चार नट काढले की चाक हातात. एप्रिल १९४६ मध्ये याचं पेटंट नोंदवलं गेलं. तीच व्हेस्पा.

मला हे फार आवडतं. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट म्हणजे एका चिडलेल्या माणसाच्या तक्रारींची यादी! आणि त्या तक्रारी इतक्या खऱ्या होत्या की दास्कानियोने ज्या देशाचा विचारही केला नसेल, तिथे त्या जास्तच लागू पडल्या. विचार करा : चेन नाही, म्हणून साडी नेसलेली बाई मागे एका बाजूला बसू शकते. पुढे मोकळी जागा, म्हणून तिथे पोरगं उभं राहू शकतं, किंवा गॅसचा सिलिंडर, किंवा दळणाचा डबा. इटलीतल्या एका माणसाच्या वाहनावर आपण चौघांचं कुटुंब बसवलं.

भारतातली गोष्ट अशी. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९४५ ची. १९४८ पासून ती दुचाकी-तीनचाकी आयात करून विकत होती. १९५९ मध्ये तिला देशात उत्पादन करायचं लायसन्स मिळालं, पुढे ती बजाज ऑटो झाली आणि पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवू लागली. साठच्या दशकात आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९६८ मध्ये राहुल बजाज प्रमुख झाले. १९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. मग त्याच घराण्यातली, पण आता स्वतःच्या नावाची स्कूटर १९७२ मध्ये आली. नाव ठेवलं राणा प्रतापाच्या घोड्यावरून : चेतक.

१९७२ हे आपल्या भागासाठी विलक्षण साल आहे. महाराष्ट्रात दुष्काळ. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, म्हणजे निगडीची ती आखीव सेक्टरं. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली, त्यांचं कार्यालय चिंचवडला. आणि त्याच वर्षी चेतक. प्राधिकरणात प्लॉट, दारात चेतक, ही नंतर इथल्या कामगार कुटुंबांची स्वप्नांची जोडीच होऊन बसली.

पण स्वप्न आणि दार यांच्यामध्ये एक रांग होती.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. स्कूटर दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. नाव नोंदवायचं आणि थांबायचं. किती? चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे लायसन्सवर ठरलेलं, वाटप कसं करायचं यालाही सरकारी नियम. परकीय चलन भरलं तर लवकर मिळायची, म्हणून आखाती देशातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाची अचानक आठवण व्हायची. जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची, कारण जुनी *आज* मिळत होती. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा विषय निघायचा तो याचमुळे. नुसते पैसे असून भागत नसे, नंबर लागावा लागायचा.

इथे मी कंपनीला एकटीला दोष देणार नाही. जास्त गाड्या बनवायची इच्छा असूनही कागद हलल्याशिवाय कारखाना वाढवता येत नव्हता, हे खरंच होतं. दुसऱ्यांचंही फार वेगळं नव्हतं. लखनौला स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी निघाली, तिने तर इटलीतून लॅम्ब्रेटाची अख्खी यंत्रसामग्री उचलून आणली. तरी रांग संपली नाही.

आता इंजिनिअर म्हणून मला रांगेत रस आहे तो असा. समजा तुमच्या प्रॉडक्टसाठी दहा वर्षांची रांग आहे. उद्या सकाळी तुम्ही ऑफिसात गेलात, तर कुठला बग आधी दुरुस्त कराल?

बरोबर. कुठलाच नाही.

चेतकचे नोन इश्यूज सगळ्यांना तोंडपाठ होते. टाकी सीटखाली, पेट्रोल पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरणार. बराच वेळ उभी राहिली की सुरू व्हायला कुरकुर. मग मालक तिला एका बाजूला तिरकी करायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा सरळ करून किक मारायचा. पेट्रोल खाली उतरतं, असं सगळे सांगायचे. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे वजन उजवीकडे ओढायचं. चालवणारा नकळत तोल सांभाळायला शिकायचा. इंजिन टू स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. त्याने प्लगवर काजळी धरायची, मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. डिकीत पाना, जास्तीचा प्लग आणि मळकं फडकं हे ठरलेलं सामान.

यातली एकही गोष्ट सुटण्यासारखी नव्हती असं नाही. पण सोडवायची गरज कुणाला होती? सगळा भार युझरने उचलला होता, तोही हसत हसत, आणि वर अभिमानाने! वडील मुलाला स्कूटर शिकवायचे तेव्हा तिरकी कशी करायची हेही शिकवायचे. कारखान्याचं अपुरं राहिलेलं काम घराघरात संस्कार म्हणून पोचलं.

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही गाडी दुरुस्त करता यायची. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हातातल्या चार पान्यांनी इंजिन उतरवायचा. स्टेपनी बदलायला मेकॅनिकही लागत नसे, दास्कानियोची कृपा. आज आपण वापरतो त्या किती वस्तू आपल्याला उघडता येतात? तेव्हा डिझाइनचा सांगाडा उत्तम होता यात शंका नाही. प्रश्न एवढाच की १९४६ च्या चांगल्या कल्पनेवर आपण किती वर्षं व्याज खाल्लं.

हिशोब चुकता व्हायला सुरुवात झाली १९८४ च्या सुमारास. कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबलं की सुरू. ज्या मुलींना घरी "तुला नाही जमणार ती किक" असं सांगितलं गेलं होतं, त्या झोकात कॉलेजला जाऊ लागल्या. म्हणजे "जमत नाही" हा दोष मुलींचा नव्हताच, किकचा होता! मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, फोर स्ट्रोक, पेट्रोल वाचवणारी.

आणि १९८९ मध्ये "हमारा बजाज" ही जाहिरात आली. ती लागली की आजही अनेकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण मला त्यातलं सालच जास्त बोलकं वाटतं. ज्याच्या दारात दहा वर्षांची रांग आहे तो कशाला जाहिरात करेल? "आपली" म्हणून आठवण करून द्यावी लागली, तेव्हा लोकांसमोर दुसऱ्या कुणाच्या तरी गाड्या उभ्या राहिल्या होत्या.

१९९१ नंतर लायसन्सचा बांध फुटलाच. लोक मोटरसायकलकडे वळले. बजाजनेही वळण घेतलं, आणि ते श्रेय द्यायलाच हवं : १९९९ मध्ये चाकणचा कारखाना, २००१ मध्ये पल्सर. त्याच २००१ मध्ये होंडाची अॅक्टिव्हा आली आणि मेलेला वाटणारा स्कूटरचा बाजार पुन्हा उठला. चेतकला पुढे फोर स्ट्रोक इंजिन मिळालं, पण उशीर झाला होता. २००५ च्या सुमारास जुन्या चेतकचं उत्पादन थांबलं. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीत वाहनं बनणंच बंद झालं आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर सोडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा बाजार स्कूटरला कंटाळला होता असं म्हणावं तर पुढच्या काही वर्षांत रस्ते अॅक्टिव्हांनी भरून गेले. लोक तिरकं करायला कंटाळले होते.

आकुर्डीचं गेट बंद होणं हा या गोष्टीतला मला सगळ्यात गंभीर वाटणारा भाग. रांग असताना कारखाना कधी थांबेल असं इथे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. निगडी-आकुर्डीची कितीतरी घरं त्या पगारावर उभी राहिली, त्यांतली मुलं इंजिनिअर झाली आणि हिंजवडीला कामाला लागली. आपल्या क्युबिकलमध्ये शेजारी बसलेल्याचे वडील कुठे होते हे एकदा विचारून पाहा. आणि आपलंही गेट कायम उघडं राहील, याची खात्री आपल्याला कशावरून वाटते, तेही.

उपसंहार थोडा गोड आहे. १९९०च्या दशकाअखेर पियाजिओ तीनचाकी घेऊन बारामतीला आली आणि २०१२ पासून तिथे व्हेस्पाही बनू लागली. बजाजने २०१९ मध्ये चेतक हे नाव पुन्हा काढलं, या वेळी विजेच्या स्कूटरसाठी. २०२२ मध्ये राहुल बजाज गेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आकुर्डीत नव्या चेतकचा कारखाना सुरू झाला. तिच्यात पेट्रोलच नाही, त्यामुळे तिरकी करायचा प्रश्नच मिटला :)

तर मुद्दा काय? एका क्लायंटकडे मी पाहिलं होतं, आमची सिस्टिम उघडी आणि शेजारी माणसं तोच हिशोब एक्सेलमध्ये ठेवतायत. मीटिंगमध्ये मात्र तक्रारींचा आकडा शून्य, सगळे खूश. त्या लोकांना दुसरी सिस्टिम निवडायची मुभाच नव्हती, मग तक्रार कशाला करतील? ते स्कूटर तिरकी करत होते, इतकंच. तक्रार नाही याचा अर्थ समाधान आहे असा आपण लावतो. कित्येकदा त्याचा अर्थ रांग आहे, एवढाच असतो.

म्हणून हल्ली मी युझरला "काही अडचण?" असं विचारत नाही. त्याच्या शेजारी बसतो आणि बघतो की किक मारण्याआधी तो काय करतो.

असो. रविवारी डबलरोटी आणायला निघालात आणि एखादी जुनी चेतक दिसली, तर मालकाला विचारून एकदा किक मारून बघा. आधी तिरकी करायला विसरू नका.