फोर्ड गाडीचा पट्टा आणि खानदेशचे घाट

मुंबईहून आग्र्याकडे निघालेली सडक लळिंगच्या किल्ल्याखालचा घाट उतरून धुळ्यास येते आणि पुढें शिरपूर मागें टाकून बिजासनच्या घाटानें सातपुडा चढते. पूर्वेकडे चाळीसगांवहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट जेम्स औट्रमचें नांव सांगतो. १८२५ सालीं भिल्ल पलटण उभारण्याच्या कामीं हा गृहस्थ खानदेशांत होता.

अशा चढउतारांवर मोटारीचा जीव कशांत असतो, हें समजून घेण्यास हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीसारखा गुरु नाहीं. ही गाडी १९०८ सालीं निघाली, १९२७ मध्यें बंद झाली. तेवढ्यांत सुमारें दीड कोट गाड्या तयार झाल्या. तिला आपल्या परिचयाचा गिअरचा दांडा नव्हता. पायाशीं तीन पेडलें असत. डावें पुरतें दाबलें कीं सावकाश चाल, सोडलें कीं वेगाची. मधलें मागें जाण्याचें, उजवें ब्रेकचें. पेटीच्या आंत ग्रहमालेप्रमाणें फिरणारीं दातेरी चाकें व तीन ड्रम; पेडल दाबलें कीं त्या त्या ड्रमाभोंवतीं पोलादी पट्टा आवळला जाई. पट्ट्याचें अस्तर मात्र सुती! कापसाच्या मुलुखांतील श्रोत्यांस याची गंमत वाटेल. तें तेलांत भिजलेलें असूनहि झिजे, आणि झिजलें कीं पट्टा घसरे.

मग पाना हातीं घ्यावा लागे. सावकाश चालीच्या पट्ट्याचा स्क्रू पेटीच्या उजव्या अंगास बाहेरच असे. वरचा नट सैल करून तो उजवीकडे फिरवावयाचा. दुसऱ्या दोन पट्ट्यांसाठीं झांकण उघडणें भाग होतें, आणि तेथें एखादा नट निसटून आंत पडला तर मिस्त्रीची रात्र गेलीच म्हणावयाची. पण किती आवळावें, हा खरा प्रश्न. सैल राहिला तर चढावर गाडी ओढत नाहीं. फार आवळला तर मोकळ्या वेळींहि ड्रमावर घांसतो, इंजिन तापतें आणि अस्तर करपतें. शिवाय पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, याच पेटींतील ड्रमावर होता. घाट उतरतांना सारें कुटुंब त्या सुती अस्तराच्या भरंवशावर बसलेलें असे. म्हणून शहाणा चालक एकाच पट्ट्यावर भार न टाकतां मधून मधून सावकाश चालीचें पेडलहि दाबी.

चढावरची युक्ति निराळी. पेट्रोलची टांकी आसनाखालीं, आणि पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहणारें. टांकी रिकामी होत आली म्हणजे गाडी उलटी वळवून मागें मागें चढवीत. दृश्य हास्यास्पद खरें, पण युक्ति शास्त्रशुद्ध होती.

मॉडेल टी गेली तरी पट्टा गेला नाहीं. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडींत जनरल मोटर्सनें ‘हायड्रा-मॅटिक’ ही आपोआप गिअर बदलणारी पेटी दिली. तिच्यांतहि ग्रहचक्रें व पट्टे होतेच, फक्त आवळण्याचें काम पायाकडून तेलाच्या दाबाकडे गेलें. पुढील अनेक पेट्यांत स्क्रू ठराविक जोरानें आवळून मग मोजून इतके फेरे सैल करावा, असा नियम ठरला. मिस्त्रीच्या कानाची जागा आंकड्यानें घेतली. आज बिजासन ओलांडणाऱ्या पुष्कळ स्वयंचलित गाड्यांत असा पट्टाच उरलेला नाहीं. जुन्या मॉडेल टी जपणारे हौशी लोक आतां सुताऐवजीं केव्हलारचें अस्तर घालतात. स्क्रू मात्र उजव्या अंगासच आहे, आणि तो अजून हातानेंच फिरवावा लागतो.