कार्यालयीन दस्तऐवजांची एक्सएमएल-घडण आणि मराठी अभिलेख

कोयना धरणाच्या विस्थापितांचा प्रश्न अर्धशतक लोटल्यावरही पुरता मिटला नाही. त्यामुळे जमिनीच्या व पुनर्वसनाच्या जुन्या कागदांना कोयनानगरच्या परिसरात मोल राहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तेथील बहुसंख्य घरे पडली; तथापि जो कागद हाती उरला, तो वाचण्यास डोळे पुरेसे होते. पुढे हाच पत्रव्यवहार संगणकावर आला आणि वाचनाचा प्रश्न बदलला.

१९९० नंतरच्या दशकात प्रचलित असलेल्या फाइलींची अंतर्रचना सर्वांस खुली नव्हती; ज्या प्रणालीने फाइल लिहिली, तिच्यावाचून ती नीट उघडत नसे. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलची शिफारस प्रसिद्ध झाली. मजकुराच्या प्रत्येक भागास नाव असलेली, माणसासही वाचता येणारी खूण द्यावी, हे तिचे तत्त्व होय. या पायावर दोन आंतरराष्ट्रीय मानके उभी राहिली : ओपन डॉक्युमेंट (२००६) आणि ऑफिस ओपन एक्सएमएल (२००८). दुसऱ्याविरुद्ध भारताने मत दिले होते. या पद्धतीची फाइल म्हणजे वस्तुतः झिप करून बांधलेले गाठोडे असते. पेशवे दप्तरातील रुमालाची आठवण व्हावी, असे. मजकूर एका फाइलीत, शैली दुसरीत, चित्रे निराळी.

मजकूर आणि रूप यांची ही फारकत इंग्रजीस मानवते. मराठीचा जुना संग्रह मात्र तिच्यात अडकतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. परंतु कार्यालयांतून दीर्घकाळ वापरले गेलेले अनेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. अशा फाइलीत ‘कोयनानगर’ हा शब्द पडद्यावर दिसतो, पण साठविलेल्या मजकुरात देवनागरीचे एकही अक्षर नसते. तिचे नव्या स्वरूपात रूपांतर केले, तरी एक्सएमएल निर्दोष ठरते आणि शब्द मात्र शोधूनही सापडत नाही.

येथे फॉन्टचे नाव ही सजावट नसून वाचनाची किल्ली आहे. रूपांतर करणाऱ्याने ते नाव आधी टिपून घ्यावे व त्यानुसार अक्षरे युनिकोडमध्ये आणावी. शैली गौण मानून केवळ मजकूर उचलणाऱ्याच्या हाती निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग येतो.